लोटनभाऊची फोरव्हील

बोरगव्हाणच्या लोटन पाटलाची जीप चारी चाकांनी ओढते, हे गावाला माहीत होतं. पाहिलं मात्र कुणी नव्हतं. अमक्याच्या अंगात देवी येते असं सगळे सांगतात, आणि आलेली कुणाला दिसलेली नसते, तशातली गत.

मिलिटरीच्या लिलावातली जुनी जीप. मोठ्या गियरच्या शेजारी आणखी दोन ठेंगणे दांडे. एक ओढला की म्हणे पुढच्या चाकांतही जीव यायचा, दुसरा ओढला की गाडी कासवाच्या चालीची आणि हत्तीच्या जोराची व्हायची. चोपड्याच्या सडकेवर सवाऱ्या भरायला या दांड्यांचा काडीचा उपयोग नव्हता. उलट पुढे बसणाऱ्याचं धोतर त्यांत अडकायचं. "हाई काय शे, लोटनभाऊ?" असं कुणी विचारलं, की तो "फोरव्हील" एवढंच म्हणायचा, आणि सवारी समजल्यासारखी मान हलवायची. दर दसऱ्याला तो त्या दांड्यांच्या सांध्यात तेल सोडायचा, झेंडूचं फूल खोचायचा आणि परत वर्षभर त्यांना हात लावायचा नाही.

अभिमन नावाचा केळीचा बागाईतदार त्याचा लहानपणापासूनचा जोडीदार. जीभ म्हणजे कोयता. तो चारचौघांत म्हणायचा, "पाऊस नही, पाणी नही, अन् हाऊ छत्री लिसन फिरस!"

लोटनभाऊ हसून सोडून द्यायचा. बोलणं त्याला कमीच. रागही कमी आणि माया दाखवणं त्याहून कमी. त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, कुंदाचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा चांगली चांगली स्थळं त्याने परत पाठवली. धुळ्याचा नोकरीवाला परत गेला, जळगावचा डाळ-मिलवाला परत गेला. शेवटी नदीपलीकडच्या चिंचखेड्यात दिली. बायको सुगंधाबाई म्हणाली, "त्या घरमा काय देखं तुम्ही?" तेव्हा त्याने तिला धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर, नेलं आणि बोट दाखवलं. नदीच्या पलीकडे, निंबाच्या मागे, याहीचं, म्हणजे व्याह्याचं, घर दिसत होतं. संध्याकाळी तिथे चूल पेटली की धूर दिसायचा.

धरण येणार, धरण येणार, हे तर त्याच्या आज्यापासून चाललं होतं. आजा गेला, बाप गेला, धरण काही आलं नाही. म्हणून कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. आणि नेमकी कुंदा सासरी गेली त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात भिंतीला दारं बसली. पाणी फुगत फुगत दोन गावांच्या मधे येऊन बसलं. उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडायची नदी. तिचा समुद्र झाला. आता चिंचखेड्याला जायचं तर पुलावरून मोठा वळसा, आणि तो रस्ता असा की माणूस घरून निघतो एका हाडाचा आणि पोहोचतो दहा तुकड्यांचा.

या पाण्यावर पोट भरायला एकच माणूस आला. झिपरू भोई. तापीकाठचा म्हातारा, जन्मभर नाव चालवलेली. तो आपली लाकडी नाव घेऊन बोरगव्हाणला येऊन राहिला आणि दोन्ही गावांना परत शेजार मिळाला.

*

आखाजीच्या आधीची गोष्ट. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीच्याही वरचा सण. सासरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात आणि सासूच्या नावाने मनसोक्त बोटं मोडतात. लेकीला आणायला माहेरचा मुराळी जातो. कुंदाला भाऊ नाही, म्हणून बापच मुराळी.

या वर्षी कुंदा गरवार होती. पहिलंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. सातवा महिना सरत आला होता, आणि आठव्यात गरवार बाईला हलवत नाहीत. म्हणजे आखाजीला आली तर आली. नाही तर बाळ मांडीवर घेऊनच येणार.

आणि चिंचखेड्याहून निरोप आला. याहीण धुरपदाबाईचा. निरोप्याने तो तिच्याच आवाजात सांगितला:

"याहीले सांग, गये साल तुमना खटारामा मनी सून बठनी, ते आठ दिन कंबर धरीसन फिरनी. औंदा मी तिले त्या रस्तावर सोडाव नही. पाणीवरथीन नेतस ते न्या. नही ते बायतपण आठेच करसूत. आम्हले काय ती जड नही."

सुगंधाबाई निवडायला घेतलेले गहू तसेच ठेवून उठली. बाळंतिणीसाठी बांधायची बाज, धुऊन ठेवलेली लुगड्याची धडुती, डिंक, खारीक... सगळं तिने घरात मांडून ठेवलं होतं. लोटनभाऊ तडक झिपरूच्या खोपटाकडे गेला.

झिपरूला माघात मुदतीच्या तापाने धरलं होतं. नाव त्याने भरल्या पाण्याच्या काठाला, बाभळीखाली पालथी घालून ठेवली आणि अंथरूण धरलं. तो उठेपर्यंत होळी होऊन गेली. आणि धरणाचं पाणी काय कुणासाठी थांबतं? कालव्याला सोडत सोडत ते मागे गेलं, पार लांब. नाव बाभळीखाली, पाणी तिकडे, आणि मधे नुसता गाळ.

"नाव शे, पाणी शे," झिपरू म्हणाला. "पन मधमा हाऊ गारा शे, भाऊ. मी पाणीना माणूस. गारामा मनं काय चालस?"

तो गाळ वरून दिसायला साधा. उन्हाने पापुद्रे सुटलेले, भेगा पडलेल्या. वरून पापड, आणि पापडाच्या खाली खीर. त्यात दोन दिवसांपूर्वी अवकाळी सरी येऊन गेल्या होत्या, त्यामुळे पापडही भिजलेला. माणूस उभा राहिला की पाय तिथेच राहायचा आणि चप्पल त्याहून खाली.

आधी बैल लावले. दोन जोड्या. नाव सरळ केली, रस्सी बांधली, हाकारा दिला. बैलांनी बाभळीपासून कडक जमिनीच्या टोकापर्यंत नाव आणली आणि गाळात पुढचे पाय टाकताच गुडघ्यापर्यंत गेले. एक बैल बसलाच. त्याला उठवताना चार माणसं चिखलाची झाली. मालकाने जोड्या सोडल्या. "लोटनभाऊ, तुनी कुंदा ती मनी अंडेर. पन बैलेसना पाय मोडतीन ते मी काय मनं नाक नांगरले जुपू?"

त्याचंही खरंच होतं. माणसं पांगली. लोटनभाऊ नावेच्या काठाला टेकून पाण्याकडे बघत राहिला. पलीकडचं निंबाचं झाड इथून चांगलं दिसत होतं. तेच वाईट.

घरी आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. सुगंधाबाईने भाकर वाढली, भाजी वाढली आणि समोर बसली.

"बैल गयात ना?"

"गयात."

"मंग त्या दोन दांडा कसाले शेतस?"

लोटनभाऊचा घास हातातच राहिला. खरं सांगायचं तर सकाळपासून त्याच्या मनात तेच होतं. पण भीती होती. सतरांदा सांगितलेली फोरव्हील ऐन वेळी चालली नाही तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. आणि गाळात जीप फसली तर रोजची भाकर फसली. पण बायकोने विचारलं तसं कुणी विचारलं नव्हतं. तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"जेवीसन जास," तो म्हणाला.

*

जीप काठावर आली तशी सगळं गाव आलं. आखाजीआधी मोकळा वेळ, वर फुकटचा तमाशा. अभिमन सगळ्यांत पुढे.

"आज छत्री उघडनी रे!" तो ओरडला. पण नुसतं ओरडून तो थांबला नाही. त्याच्या बागेतला माल नुकताच कापला गेला होता आणि केळीचे खांब बांधावर पडून होते. त्याने गाडीभर आणून टाकले. केळीचा खांब म्हणजे निम्मं पाणी आणि निम्मा साबण. ते आडवे टाकले आणि त्यांवर नाव चढवली, तर एरवी दहा माणसांना न हलणारी नाव पोराच्या गाडीसारखी सरकायला लागली. लोकांनी वाहवा केली. अभिमनची छाती फुगली.

लोटनभाऊने रस्सी मागच्या आकड्याला बांधली, गाडीत बसला आणि जन्मात पहिल्यांदा तो पहिला दांडा ओढला. खालून कुठूनतरी 'खट' असा आवाज आला. मग दुसरा ओढला. गाडी गुरगुरली, आणि पुढची चाकं फिरली, मागची फिरली, चारी चाकं एका जिवाने चिखल खाऊ लागली. नाव मागून सुळसुळत आली. काठावर शिट्ट्या झाल्या. लोटनभाऊने आरशात बघितलं नाही. हसू येईल म्हणून.

पापड होता तोवर चाललं. पापड फुटला आणि चाकं खिरीत फिरायला लागली.

"थांब, थांब!" अभिमन धावला. "खांब टाका रे चाकेसखाले! नावले चालस ते गाडीले का नही चालाव?"

आता हे केळीवाल्याचं डोकं. त्याच्या घरी आजारी माणसापासून लग्नाच्या मांडवापर्यंत सगळ्यावर केळ हाच उपाय. चार जणांनी भराभर खांब चाकांखाली सारले. लोटनभाऊने पाय दाबला मात्र, चाकांनी त्या खांबांचा चेंदा करून मागे फेकला. पांढरा चीक आणि गर उडून अभिमनच्या तोंडावर, टोपीवर, नव्या सदऱ्यावर. आणि गाडी पुढे जायची सोडून तोंड फिरवून म्हशीसारखी आडवी घसरली. मागून नाव आपली केळीवरून मजेत सरकत आली आणि जीपच्या कुल्ल्यावर धाडकन आदळली.

"मनी नाव!" झिपरू ओरडला.

"मना सदरा!" अभिमन ओरडला. केळीचा चीक कपड्यावरून मेल्यावरच जातो, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत!

काठावर हसून हसून लोक बसले. लोटनभाऊ उतरला. त्याचा पाय पिंडरीपर्यंत आत गेला. त्याने नावेची फळी हाताने चाचपली, ती शाबूत होती. जीपची चाकं बघितली, ती अर्धी गाडलेली. मग तो तिथेच गाळात उभा राहिला. सुगंधाबाई मघापासून बाभळीखाली उभी होती. त्याने तिकडे बघितलं तर ती तिथे नव्हती. गेली घरी, त्याला वाटलं. काय बघायचं आता.

सुगंधाबाई घरीच गेली होती. परत आली तेव्हा तिच्या डोक्यावर पऱ्हाटीचा भारा होता. कापूस वेचून झाला की कपाशीची वाळकी झाडं उपटून बाया परसात रचून ठेवतात. पावसाळ्यात चूल त्यावर चालते. सुगंधाबाईची पऱ्हाटी गावात नावाजलेली. अशी रचायची की वरून पाणी ओतलं तरी आत कोरडी. ती भारा घेऊन सरळ गाळात उतरली, वाकली, मुठी मुठीने पऱ्हाटी जीपच्या पुढच्या चाकांपुढे आडवी अंथरली, पायाने दाबली आणि परत भारा आणायला वळली.

"वैनी," अभिमन चीक पुसत म्हणाला, "आते पावसाळामा काय जाळशात?"

"तुनं डोकं," सुगंधाबाई म्हणाली, आणि थांबलीसुद्धा नाही.

दुसऱ्या खेपेला तिच्यासोबत शेजारच्या दोघी होत्या. एकीची लेक पलीकडे दिलेली, दुसरीची सून पलीकडची. तिसऱ्या खेपेला बायांची रांगच लागली. ज्यांचं पलीकडे कुणीच नव्हतं त्याही आल्या. आपल्या एकटीचं परस भरलेलं ठेवून कोण बसणार? पुरुषमाणसं बघत राहिली आणि मग लाजून हात लावायला लागली. उन्हं कलेपर्यंत त्या गाळावर पऱ्हाटीची एक गादी झाली.

लोटनभाऊ परत गाडीत बसला. दोन्ही दांडे हाताने चाचपून पाहिले. पाय अगदी हळू सोडला. चाकांखाली पऱ्हाटी कडाकडा मोडली, चाकाच्या दातांत रुतली, गाडीने एकदा मागेपुढे केलं आणि वर आली. नावेखाली केळ, गाडीखाली पऱ्हाटी: अशी ती वरात निघाली. मागचे खांब उचलून पुढे, मागची पऱ्हाटी उचलून पुढे.

पाणी जवळ आलं तसा झिपरूने हात वर केला. "आते म्होरे जाऊ नको. तठे तळ नही. गाडी बुडी, अन् रस्सीसंगे मनी नावबी. फिर, अन् मांगथीन ढकल."

मग रस्सी सोडली. जीप वळवून नावेच्या मागे आणली. उतार पाण्याकडे होता. सुगंधाबाईने अंगावर घ्यायची गोधडी आणली आणि ती जीपचं नाक आणि नावेची फळी यांच्यामधे धरून बांधली.

"कशी ढकलशी?" झिपरूने विचारलं.

"हळू."

"हळू म्हंजे कशी? बायतीनले बाजवरथीन उठाडतस, तशी."

लोटनभाऊने मान हलवली. ते काम त्याने कधी केलं नव्हतं. पण कुंदाच्या वेळी दाराआडून बघितलं होतं. सुगंधाबाईला तिच्या आईने कसं पाठीमागे हात घालून उठवलं होतं ते. त्याने पाय तसा सोडला. जीप कुरकुरली, गोधडी दबली, नाव हलली. इंच, वीत, हात. मग तिचं नाक खाली झालं, केळीचे शेवटचे खांब खालून निसटले आणि नाव पाण्यात गेली. आवाज मोठा झाला नाही. म्हैस डोहात उतरते तेवढाच.

जीप मात्र तिथेच पोटावर बसली. पऱ्हाटी संपली होती.

"ऱ्हाऊ दे," लोटनभाऊ म्हणाला. "तिनं काम व्हयनं."

नाव लगेच निघणार नव्हती. अडीच-तीन महिने उन्हात पडल्याने फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपत होतं. झिपरूने सांध्यांत कापूस-डांबर ठासलं होतंच. "ऱ्हाऊ द्या रातभर पाणीमा," तो म्हणाला. "लाकूड पाणी पेई, फुगी, अन् मंग आपलं तोंड आपणच मिटी." अभिमन म्हणाला, "असं लाकूड मना घरमा बी एक पायजे व्हतं." त्याची बायको तिथेच उभी होती, त्यामुळे पुढचं बोलणं त्याने घरी जाऊन केलं असावं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटनभाऊ धुतलेलं धोतर, टोपी घालून, सांजोऱ्यांचा डबा मांडीवर घेऊन नावेत बसला. नाव आतून कोरडी होती. झिपरूने नाव लोटली.

चिंचखेड्याच्या काठावर धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून उभी. मागे कुंदा, पदराखाली पोटावर हात धरून. याहीणीने आधी याहीला रामराम केला, मग नावेत वाकून बघितलं. तळाला हात लावला, हाताचा वास घेतला.

"हालस का?"

"नही हालत," झिपरू म्हणाला.

"तू ते म्हणशीच. सरक."

आणि धुरपदाबाई स्वतः नावेत चढली. भरदार बाई, नाव वीतभर खाली गेली. "चाल, एक फेरा मार," ती म्हणाली. झिपरूने मुकाट्याने नाव पाण्यात नेली. बाई दोन्ही काठ घट्ट धरून, डोळे मिटून बसलेली. मग तिने एक डोळा उघडला. मग दुसरा. मग एक हात सोडला आणि पाण्यात बोटं बुडवली. फेरा पुरा करून नाव काठाला आली तरी उतरायचं नावच नाही. काठावरून कुंदा सासूला म्हणाली, "मामी, तुम्हलेच माहेरले धाडू का?"

"चूप बठ," धुरपदाबाई उतरली. खाली उतरल्यावर मात्र तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, तिला स्वतः हात धरून नावेत बसवलं, पाठीमागे उशी कोंबली आणि याहीकडे वळली. "नेतस, पन पोरगं व्हवो का पोरगी, पहिली खबर माले. धूर बीर करा. मी धाबावर बठसू."

"कयवसू," लोटनभाऊ म्हणाला.

नाव निघाली. पाणी सपाट होतं. कुंदा थोडा वेळ बोलली. आई कशी शे, गाय व्याली का, झोका कुणी बांधला. लोटनभाऊ एका एका शब्दात सांगत राहिला. तिचा चेहरा उतरलेला दिसत होता. गरवारपणात रात्री झोप लागत नाही म्हणाली, कूस बदलली की पोट आधी जागं होतं. तिला पुढे काहीतरी विचारायचं होतं, पण वाक्य अर्ध्यातच मंदावलं. वल्ह्याचा आवाज, पाण्याचा थंडावा. तिची मान आधी डुलली, मग बापाच्या खांद्याला टेकली, मग हळूहळू घसरत मांडीवर आली. झोपली.

लोटनभाऊ हलला नाही. मांडीवरचा रिकामा डबा त्याने एका हाताने उचलून फळीवर ठेवला. ऊन तिच्या तोंडावर यायला लागलं तेव्हा टोपी काढून आडवी धरली. मधेच पोटातलं पोर हललं असावं, पदर किंचित उचलला आणि खाली बसला. ते त्याने बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. पायाला मुंग्या आल्या, मग पाय बधिर झाला, मग पाय आहे की नाही तेच कळेनासं झालं. झिपरूने वल्हं जरा जोरात मारलं, तसा तो दबक्या आवाजात म्हणाला, "नाना, घाई शे का?"

"नही," झिपरू म्हणाला.

"मंग हळू जाऊ दे."

झिपरूने वल्हं पाण्यात नुसतं बुडवून ठेवलं. नाव आपल्या आपण सरकत राहिली. पलीकडच्या काठावर सुगंधाबाई आणि गावच्या बाया दिसायला लागल्या. त्यांनी नाव ओळखली, हात हलवले, कुणीतरी हाक मारायला तोंड उघडलं. लोटनभाऊने टोपी धरलेला हात तसाच ठेवला आणि दुसरा हात उचलून, बोट ओठांवर नेऊन, त्या सगळ्यांना गप्प बसायची खूण केली.